शक्तीचा शोध आणि नकाराचा अधिकार : ‘द बुक्स ऑफ मॅजिक’ आणि ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’

१

किशोरवयीन नायकाला स्वतःमधील अलौकिक शक्तीचा साक्षात्कार होणे, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अद्भुतिकेचे एक प्रमुख कथासूत्र आहे. या सूत्राची चर्चा बहुधा ‘हॅरी पॉटर’पासून (1997) सुरू होते, परंतु त्याचे अधिक काळोखे आणि चिंतनशील रूप त्याआधीच्या एका चित्रकथेत आढळते. नील गेमन यांनी लिहिलेली ‘द बुक्स ऑफ मॅजिक’ ही चार भागांची मालिका डीसी कॉमिक्सने 1990-91 मध्ये प्रसिद्ध केली. तिचा नायक टिमथी हंटर हा बारा वर्षांचा, चष्मा लावणारा, सामान्य इंग्रज मुलगा आहे. चार गूढ पुरुष त्याला गाठतात आणि या युगातील सर्वांत मोठा जादूगार होण्याची क्षमता त्याच्यात असल्याचे सांगतात.

या कलाकृतीशेजारी गजानन माधव मुक्तिबोध (1917-1964) यांची ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ ही हिंदी कथा ठेवून वाचण्यात औचित्य आहे. मुक्तिबोध मराठीभाषक होते, नागपुरात त्यांनी पत्रकारिता केली, आणि 1958 पासून त्यांचे अखेरचे पर्व छत्तीसगढमधील राजनांदगाव येथे गेले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहीत राहिले. ‘फँटसी’ ही संज्ञा काव्यविचाराच्या केंद्रस्थानी आणणाऱ्या या लेखकाची कथा आणि इंग्रजी चित्रकथा यांत प्रभावाचा संबंध नाही. साम्य आहे ते प्रश्नाचे : शक्ती मिळणाऱ्याला ती नाकारता येते काय?

२

‘द बुक्स ऑफ मॅजिक’ची रचना हा तिच्या आशयाचाच भाग आहे. प्रत्येक भागात वाटाड्या वेगळा आणि चित्रकारही वेगळा. जॉन बोल्टन यांच्या चित्रांतून भूतकाळ, स्कॉट हॅम्प्टन यांच्या चित्रांतून वर्तमानातील जादूगारांचे जग, चार्ल्स वेस यांच्या चित्रांतून परीलोक आणि पॉल जॉन्सन यांच्या चित्रांतून विश्वाच्या अंतापर्यंतचा भविष्यकाळ उलगडतो. जग कसे दिसते हे ते कोण दाखवतो यावर अवलंबून असते, ही जाणीव वाचकाला संवादांतून होण्याआधी रंगरेषांतून होते. टिमथीला कोणीही मंत्र शिकवत नाही. त्याला केवळ दाखवले जाते. दाखवण्यात उपदेश नसला तरी निवड असते, आणि निवड करणारे चौघेही प्रौढ पुरुष आहेत. त्यांपैकी अंध मिस्टर ई तर भविष्यातील संभाव्य दुष्ट जादूगार म्हणून या मुलाला ठार करू पाहतो. अजून न केलेल्या कृत्याची शिक्षा देण्याचा हा प्रयत्न या चित्रकथेतील खरा अंधार आहे. राक्षस आणि भुते त्या मानाने सौम्य ठरतात.

प्रवासाच्या अखेरीस टिमथी जादू नाकारतो. तो नकार टिकत नाही, आणि 1994 पासून चाललेल्या पुढील मालिकेने तर तो पूर्णच निकालात काढला. तथापि क्षणभर का होईना, ‘नाही’ म्हणण्याची जागा कथेने त्याला दिली, हे विसरता येत नाही.

३

मुक्तिबोधांच्या शिष्याला ती जागाही मिळत नाही. विद्येच्या ओढीने काशीला आलेला मुलगा एका निर्जन भव्य वाड्यात गुरूपाशी बारा वर्षे अध्ययन करतो. अखेरच्या दिवशी भोजनाच्या वेळी गुरूचा हात लांबत जाऊन स्वयंपाकघरातून तूप घेऊन येतो आणि शिष्याला गुरूचे खरे स्वरूप कळते. जिवंतपणी आपली विद्या कोणाला न दिल्यामुळे गुरू ब्रह्मराक्षस झाला होता; आता तो मुक्त आहे. मात्र ही विद्या पुढे दिल्याखेरीज शिष्यालाही मुक्ती नाही.

येथे अद्भुत एकाच कृतीत, तीही अगदी घरगुती कृतीत, साठवलेले आहे. चित्रकथेला जे चार चित्रकारांच्या शैलींतून साधावे लागते, ते मुक्तिबोध एका लांबलेल्या हातातून साधतात. ‘एक साहित्यिक की डायरी’तील ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले आहेत : उत्कट अनुभवाचा पहिला, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून फँटसीचे रूप घेतो तो दुसरा, आणि ती फँटसी शब्दबद्ध होऊ लागल्यापासून पूर्णत्वाला जाईपर्यंतचा तिसरा. या मांडणीनुसार फँटसी म्हणजे पलायन नव्हे; अनुभवापासून घेतलेले ते आवश्यक अंतर आहे. ‘शिष्य’ कथेतील अनुभव बुद्धिजीवीच्या ऋणाचा आहे. मिळालेले ज्ञान स्वतःपाशी ठेवणे हाच शाप, म्हणून शक्ती हे वैभव न राहता देणे होते. टिमथीची शक्ती त्याची एकट्याची आहे. शिष्याची शक्ती कधीच एकट्याची नसते.

४

या तुलनेला तिसरा कोन छत्तीसगढची भूमीच पुरवते. रायपूरजवळचे उरला आज पोलाद आणि स्पंज आयर्नच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. पण या कारखान्यांभोवतीच्या प्रदेशाचे पंचांग अद्याप शेतीचे आहे. हरेलीच्या अमावास्येला अवजारांची पूजा होते, मुले गेडीवर चढतात आणि दारांना कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातात. महाराष्ट्रात हीच तिथी आषाढ अमावास्या म्हणून दिव्यांच्या पूजेची आहे. एके ठिकाणी दिवा उजळणारी रात्र दुसऱ्या ठिकाणी टोनहीच्या भयाची असते.

टोनही म्हणजे चेटकीण ठरवलेली स्त्री. तिची शक्तीही इतरच ‘शोधून काढतात’. तिला स्वतःला तिचा पत्ता नसतो. या दृष्टीने तिची स्थिती टिमथीसारखीच आहे : चार जण येऊन सांगतात की तुझ्यात काहीतरी आहे. फरक इतकाच, आणि तो निर्णायक आहे, की मुलाच्या बाबतीत हे सांगणे आमंत्रण असते आणि स्त्रीच्या बाबतीत आरोप. तिच्या नकाराला पुराव्याचे मोल नसते. उलट नकार हाच पुरावा मानला जातो. या हिंसेला आळा घालण्यासाठी छत्तीसगढला 2005 मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला तो 2013 मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर.

अशा परिसरातील वाचकाला मिस्टर ई अपरिचित वाटणार नाही. भावी अपराधाच्या संशयावरून हत्यार उचलणारा तो धर्मनिष्ठ आंधळा पुरुष गावगाड्यात अनेकदा भेटलेला असतो.

५

‘मॅजिक’ या शब्दाचे मराठीकरणही म्हणून सरळ होत नाही. ‘जादू’ म्हटले की रंगमंचावरचा खेळ आठवतो, ‘मंत्रविद्या’ म्हटले की अधिकारी पुरुष, आणि ‘चेटूक’ किंवा ‘करणी’ म्हटले की बहुधा एखादी स्त्री. इंग्रजीत एकाच शब्दाखाली नांदणारे हे अर्थ मराठीने लिंग आणि प्रतिष्ठा यांनुसार वाटून टाकले आहेत. टिमथीच्या ग्रंथांचे शीर्षक भाषांतरित करताना अनुवादक नकळत नायकाची जातकुळी ठरवत असतो.

तौलनिक अभ्यासात या दोन कृतींचे मोल म्हणूनच केवळ कथासूत्राच्या साम्यापुरते राहत नाही. गेमन यांची चित्रकथा शक्तीची निवड व्यक्तीवर सोपवते, मुक्तिबोध ती परंपरेच्या ऋणात बांधतात. या दोहोंच्या बाहेर उभी असलेली टोनही हे दाखवून देते की शक्तीचा शोध ही कथा होण्यासाठी आधी नकाराचा अधिकार असावा लागतो. तो जिला नाही, तिची काळोखी अद्भुतिका अद्याप लिहिली जायची आहे. तिच्या वाट्याला आजवर आले आहे ते कायद्याचे कलम.