सुधारलेली की वाढविलेली? : फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना

‘आवृत्ती’ हा शब्द मराठी ग्रंथव्यवहारात दीर्घकाळ रुळलेला आहे. ग्रंथावर ‘सुधारून वाढविलेली आवृत्ती’ असे छापलेले असते, तेव्हा चुकांची दुरुस्ती झाली आणि मजकुरात भर पडली, अशी दुहेरी ग्वाही वाचकाला मिळत असते. संगणकीय प्रणालींच्या संदर्भातही मराठीने हाच शब्द स्वीकारला. मात्र ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिली ग्रंथालयाच्या कपाटात राहते आणि अभ्यासक दोन्ही शेजारी ठेवून पाठभेद पाहू शकतो. ब्राउझरची नवी आवृत्ती मात्र जुनीच्या जागी येऊन बसते. हा फरक लक्षात घेऊन, १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘क्वांटम’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या मोझिला फायरफॉक्सच्या ५७ व्या आवृत्तीचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

पार्श्वभूमी

नेटस्केप कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ब्राउझरची मूळ संहिता खुली केली. त्यातून मोझिला प्रकल्प उभा राहिला आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती आली. इंटरनेट एक्सप्लोररचे वर्चस्व असलेल्या त्या काळात फायरफॉक्सचे वेगळेपण त्याच्या ‘ॲड-ऑन’मध्ये होते. कोणाही जाणकाराने लहानशी पूरक प्रणाली लिहावी आणि ब्राउझरचे रूप व वर्तन बदलावे, अशी ही मोकळीक होती. जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहास व नवमाध्यम केंद्राने २००६ मध्ये सिद्ध केलेले ‘झोटेरो’ हे संदर्भसंकलनाचे साधनही प्रारंभी फायरफॉक्सचे ॲड-ऑनच होते. वाचन, टिपण आणि संदर्भनोंद ही संशोधनाची तीनही कामे त्यामुळे एकाच खिडकीत होऊ लागली.

नव्या आवृत्तीचे गुणविशेष

ही आवृत्ती वापरून पाहणाऱ्यास प्रथम जाणवतो तो वेग. सुमारे वर्षभरापूर्वीच्या फायरफॉक्सपेक्षा ती दुप्पट वेगवान असल्याचा दावा मोझिलाने केला होता. या दाव्यामागे भक्कम तांत्रिक काम होते. पृष्ठाची मांडणी ठरविणारे शैलीनियम लावण्याची यंत्रणा ‘रस्ट’ या भाषेत नव्याने लिहिण्यात आली. हे काम प्रक्रियकाच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी होऊ लागले. स्मृतीच्या हाताळणीतील अनेक प्रकारच्या चुकांना रस्ट भाषा मुळातच अटकाव करते. त्यामुळे वेगाबरोबर सुरक्षिततेचाही विचार झाला. बाह्यरूपात चौकोनी टॅब आले. जतन केलेल्या खुणा, पूर्वी पाहिलेली पृष्ठे आणि उतरवून घेतलेल्या फाइली पुस्तकांच्या चित्राच्या एकाच बटणाखाली एकत्र आल्या. ‘सुधारलेली’ हे विशेषण या आवृत्तीला निःसंशय शोभते.

उणिवा

‘वाढविलेली’ या विशेषणाबाबत मात्र प्रश्न उपस्थित होतो. जुन्या पद्धतीची ॲड-ऑन या आवृत्तीत चालेनाशी झाली. वापरकर्त्याला ती एका वेगळ्या यादीत निष्क्रिय दिसत आणि शेजारी पर्याय शोधण्याचे बटण असे. अनेकांना पर्याय नव्हता. काहींच्या कर्त्यांनी त्यांचे नव्याने लेखन केले. परंतु नव्या चौकटीत पूर्वीइतकी मुभा नसल्यामुळे पुनर्लिखित रूपे पुष्कळदा तोकडी राहिली. टॅब उभ्या ओळीत मांडणारे ‘ट्री स्टाइल टॅब’ नव्या रूपात आले, पण वरची मूळ पट्टी लपविण्याचा अधिकार त्याला उरला नाही.

याचे समर्थनही विचारात घ्यावे लागेल. जुनी ॲड-ऑन ब्राउझरच्या अंतर्भागात थेट हात घालीत. त्यामुळे आतील रचना बदलली की ती मोडत आणि ती मोडू नयेत म्हणून रचना बदलणे लांबणीवर पडे. शिवाय जुना ग्रंथ वाचकास अपाय करीत नाही. सुरक्षाविषयक दुरुस्त्या थांबलेला जुना ब्राउझर मात्र धोकादायक ठरतो. मोझिलाने या बदलाचे सूतोवाच ऑगस्ट २०१५ मध्येच केले होते. दीर्घ मुदतीच्या ५२ व्या आवृत्तीत जुनी ॲड-ऑन २०१८ पर्यंत वापरता येत होती. तेव्हा निर्णय अकारण वा अचानक होता, असे म्हणता येणार नाही.

तरीही अधिकाराचा प्रश्न उरतोच. वापरकर्त्याचे हात आखडले जात असता निर्मात्याचे हात मोकळेच राहिले. डिसेंबर २०१७ मध्ये एका अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या प्रसिद्धीशी निगडित ‘लुकिंग ग्लास’ हे ॲड-ऑन अनेक वापरकर्त्यांच्या ब्राउझरमध्ये त्यांना न विचारता उतरविण्यात आले. वापरकर्त्याने स्वतः चालू केल्याखेरीज ते काही करीत नव्हते. टीका होताच मोझिलाने ते मागेही घेतले. परंतु वापरकर्त्याने निवडलेली साधने सुरक्षिततेसाठी बंद करणाऱ्या संस्थेने त्याने न निवडलेले साधन मात्र प्रसिद्धीसाठी आत आणावे, ही विसंगती या आवृत्तीच्या मूल्यमापनात दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष

फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती यंत्र म्हणून सुधारली; वापरकर्त्याच्या अधिकाराच्या दृष्टीने ती संकोचली. झोटेरोचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याच्या कर्त्यांनी २०१७ मध्ये ब्राउझरमधील जुने रूप थांबवून स्वतंत्र प्रणालीवर भर दिला आणि ब्राउझरमध्ये केवळ एक जोडदुवा ठेवला. एका खिडकीची सोय गेली. पण संशोधकाची टिपणे एका ब्राउझरच्या निर्णयावर अवलंबून राहिली नाहीत. अध्यापक व संशोधक यांनी कोणतीही नवी आवृत्ती पारखताना वेग वाढला का, हे पाहावेच. परंतु काय नाहीसे झाले, ते कोणी ठरविले आणि आपली टिपणे अन्यत्र नेता येतात का, हेही विचारावे. जुनी प्रत कपाटात ठेवण्याची सोय नसलेल्या व्यवहारात हे प्रश्न आवृत्ती बदलण्यापूर्वीच विचारणे अगत्याचे आहे.