आकडा पोहोचतो, उपचार पोहोचतो का?

गर्भवतीच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, रक्तदाबाचे आणि नाडीचे आकडे मोबाइलवरून शहरातील डॉक्टरांकडे पाठवायचे आणि धोका दिसताच इशारा द्यायचा, अशा दूरनिरीक्षणाच्या यंत्रांचे आज मोठे कौतुक होते. किती हजार नोंदी पाठवल्या हे आवर्जून सांगितले जाते. त्यामुळे किती मृत्यू टळले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाच्या कसोटीवर दोन प्रयोग घासून पाहू.

पहिला प्रयोग गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधे साधन बनवले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकते मणी, एवढेच ते साधन. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया समजायचा. फारसे मोजता न येणाऱ्या दाईलाही हे जमले आणि निदान झाल्यावर द्यायचे औषध तिच्याजवळच होते.

पुढे संस्थेने नवजात बालकांकडे लक्ष वळवले. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया घरी जाऊन बाळाचे वजन, तापमान आणि श्वास तपासू लागल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली की पालकांच्या संमतीने त्याच प्रतिजैविकाचे इंजेक्शन देत. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. हजार जन्मांमागे नवजात मृत्यूंचे प्रमाण प्रयोगाच्या गावांत ६२ वरून सुमारे २६ वर उतरले होते; तुलनेच्या गावांत ते ५८ वरून सुमारे ६० झाले होते.

हे यश मोठे असले तरी त्याची चिकित्सा व्हायला हवी. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. ऊब, स्तनपान, श्वास कोंडल्यास उपचार, प्रतिजैविके असे अनेक उपाय एकत्र केल्याने प्रत्येकाचा वाटा किती, हे नेमके सांगता येत नाही. तरीही एक अंतर्गत पुरावा आहे. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांमध्ये मृत्यूचे प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होते, नंतर ते २.८ टक्के झाले. पुढे बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यात यादृच्छिक निवड करून असाच प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नवजात मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. म्हणजे परिणाम खरा, पण सर्वत्र तितकाच मोठा नाही.

दुसरा प्रयोग २०१६ ते २०१७ मध्ये आठ देशांत झाला. भारतातील त्याचे केंद्र होते बेळगाव जिल्ह्यातील गोकाक. रक्तदाब आणि नाडी मोजून हिरवा, पिवळा किंवा लाल दिवा दाखवणारे यंत्र आरोग्यसेवकांना टप्प्याटप्प्याने देण्यात आले. कोणाला कधी द्यायचे, हा क्रम यादृच्छिक होता. पाच लाखांहून अधिक बाळंतपणांची नोंद झाली. मातामृत्यू, गर्भावस्थेतील झटके आणि तातडीने गर्भाशय काढावे लागणे या तिन्हींचे एकत्रित प्रमाण दहा हजारांमागे ७९.४ वरून ७२.८ झाले. यंत्राचा विजय झाला असे वाटेल. परंतु ठिकाणाठिकाणचे आणि काळानुसार होणारे चढउतार हिशेबात घेतल्यावर यंत्राने फायदा झाला की नाही, हे ठरवता येईना.

यंत्र चुकले असे यातून सिद्ध होत नाही. दोन्ही प्रयोगांतील आजारही वेगळे आहेत. नवजाताच्या जंतुसंसर्गावरचे औषध आरोग्यदूताच्या पिशवीत मावते. गर्भवतीचा रक्तदाब धोकादायक वाढला तर मॅग्नेशियम सल्फेटने झटके रोखता येतात, पण अखेरचा उपाय म्हणजे प्रसूती. त्यासाठी वाहन, रक्त, भूलतज्ज्ञ आणि शस्त्रक्रियागृह लागते. लाल दिव्यातून यांपैकी काहीच निर्माण होत नाही. पुण्यात बिबवेवाडीत लाल दिवा लागला तर रिक्षाने थोड्याच वेळात रुग्णालय गाठता येते. भामरागडच्या पाड्यावर पावसाळ्यात नाल्याला पूर आला असेल, तर तोच दिवा केवळ काळजी वाढवतो. यंत्राचे मोल त्याच्या अचूकतेइतकेच त्याच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेवर ठरते.

धोरण ठरवणाऱ्यांनाही मोजमाप उचलून नेणे सोपे वाटते. २०११ साली गृहाधारित नवजात सेवा देशभरातील ‘आशां’कडे सोपवली गेली. त्यांच्या हाती तापमापक आणि वजनकाटा आला; गडचिरोलीतील आरोग्यदूतांच्या हातातले इंजेक्शन आले नाही. प्रशिक्षण आणि देखरेख यांची अडचण खरी आहे. पण अर्धा उपाय नेऊन पूर्ण फळाची अपेक्षा ठेवणे अशास्त्रीय होय.

शिक्षकांनी वर्गात एक करून पाहावे. फळ्यावर प्रथम फक्त ‘६२ वरून २६’ आणि ‘७९.४ वरून ७२.८’ एवढेच लिहावे आणि उपाय यशस्वी झाला का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. मग तुलनेच्या गावांचे आकडे लिहून तोच प्रश्न पुन्हा विचारावा. उत्तर कोठे पक्के होते आणि कोठे डळमळते, हे मुलांना आपोआप उमगेल. विज्ञान प्रदर्शनात असे यंत्र मांडणाऱ्या गटाला आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: लाल दिवा लागल्यानंतर पुढच्या तासाभरात कोण, काय करणार?