‘व्हय’ म्हणणारी एकटी बाई आणि आमचं ‘हव’



आमच्या समीक्षेला एक खोड लागली आहे. दलित आत्मकथन म्हटलं की आम्ही पुस्तकं मोजायला बसतो. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, प्र. ई. सोनकांबळेंचं ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं, कुमुद पावडेंचं ‘अंतःस्फोट’ १९८१ चं, बेबीताई कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ १९८६ चं. यादी खरी आहे आणि तिचा अभिमानही आहे. पण पुस्तकातला ‘मी’ कागदावर असतो. जड झाला की वाचणारा पुस्तक मिटतो, दिवा घालवतो, झोपतो. ज्या बाईला अक्षरच येत नाही तिच्यापर्यंत तर हा ‘मी’ पोचतही नाही, मग तो तिच्याच आईचा का असेना.

नाटकातला ‘मी’ असा मिटता येत नाही. तो समोर उभा असतो. घामेजतो, अडखळतो, तुमच्याकडं पाहतो. म्हणून एकट्या माणसानं उभं राहून ‘ही माझी गोष्ट’ म्हणण्याच्या नाट्यप्रकाराबद्दल मला इथं बोलायचं आहे. आणि त्यासाठी मी सुषमा देशपांडे यांचा ‘व्हय, मी सावित्रीबाई’ हा एकपात्री प्रयोग घेतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीत बसून पुण्याकडचं नाटक का घेतो, ते पुढं कळेल.

आधी एक फरक सांगतो. मराठीत ‘एकपात्री’ म्हटलं की लोकांना लक्ष्मण देशपांडे आठवतात. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ मध्ये हा एक माणूस बावन्न भूमिका करायचा. मराठवाड्यातलं गावच्या गाव आपल्या एकट्या अंगात घेऊन तो फिरला. २००९ साली तो गेला. त्याचं कसब नाकारणारा माणूस आंधळा म्हणावा लागेल. पण त्या प्रयोगातला प्रेक्षक काय करतो? हसतो. गावच्या माणसाच्या बोलीला हसतो, त्याच्या भांबावण्याला हसतो. नट अनेक होतो आणि प्रेक्षक एकच राहतो, खुर्चीत बसलेला, सुरक्षित.

दुसरा प्रकार आत्मकथनाचा. इथं नट बावन्न होत नाही. एकच होतो आणि शेवटपर्यंत एकच राहतो. सुषमाताईंनी १९८९ साली हे केलं. लिहिलं त्यांनी, उभंही त्याच राहिल्या. मूळच्या पत्रकार. सावित्रीबाईंना त्यांनी ‘ती’ म्हणून सांगितलं नाही, ‘मी’ म्हणून सांगितलं. मराठीत केलं, हिंदीत केलं, इंग्रजीत केलं. नाट्यगृहाबाहेर, गावोगाव केलं. अवजड नेपथ्य नाही, वाद्यमेळ नाही. नऊवारीतली एक बाई आणि समोर माणसं.

साल लक्षात घ्या. १९८७-८८ मध्ये बाबासाहेबांच्या ‘रिडल्स’वरून महाराष्ट्र पेटला होता. १९८८ च्या अखेरीस एका साप्ताहिकातून जोतीरावांची बदनामी करणारा लेख छापून आला होता. १९९० मध्ये जोतीरावांच्या स्मृतीला शंभर वर्षं होणार होती. अशा दिवसांत एक बाई उठून ‘व्हय, मी सावित्रीबाई’ म्हणते. हा नुसता नाट्यप्रयोग नव्हता. फुल्यांच्या घरातल्या बाईनं साक्षीला उभं राहण्यासारखं होतं ते.

त्या ‘व्हय’ला माझ्या मते फार अर्थ आहे. ‘व्हय’ हे उत्तर आहे. कुणीतरी आधी विचारलेलं आहे, कोण गं तू? जोतीबाची बायकोच ना? शाळेच्या पुस्तकात आम्ही तिला एवढंच ओळखत होतो. ३ जानेवारी १८३१ ला नायगावात जन्म, १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा, शेणाचे गोळे, संपला धडा. जोतीराव १८९० साली गेल्यावर अंत्ययात्रेत टिटवं धरून पुढं चालणारी बाई त्या धड्यात नव्हती. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता १० मार्चला स्वतःच गेलेली बाई पण नव्हती. धड्यानं तिला पतिव्रता केलं होतं. ‘मी’ आला आणि ती कर्ती झाली. व्याकरणातला एक पुरुष बदलला तर एवढा फरक पडतो. प्रथमपुरुष म्हणजे सत्ता आहे. ती कुणाच्या तोंडी जाते हा राजकारणाचा प्रश्न आहे.

आता आपल्या कार्यकर्त्यांचा नेहमीचा प्रश्न. देशपांडे आडनावाच्या बाईनं ‘मी सावित्रीबाई’ म्हणायचं? ज्यांच्या वाड्यांवरून शेण आलं, त्यांच्याच आडनावातून आता सावित्री बोलणार?

प्रश्न चुकीचा नाही. ज्यांची जीभ शतकानुशतकं छाटली त्यांच्या वतीनं कुणीही बोलू लागला तर संशय घेणं हा आमचा हक्क आहे. पण संशयावर थांबणं ही समीक्षा होत नाही. आणि दुसऱ्या टोकाला आपल्यातलेच काही जण सवर्णानं आमचं नाव घेतलं की भारावून जातात, शाल-श्रीफळ घेऊन धावतात. ती पण समीक्षा नाही. मी तीन गोष्टी तपासतो. बोलणाऱ्यानं स्वतःचं काही पणाला लावलं का? ज्याच्या नावानं बोलतो त्याला मोठं केलं की स्वतःला? आणि वेळ आली तेव्हा जागा सोडली का?

पहिल्या दोन्हीत हा प्रयोग उतरतो. वर्षानुवर्षं एकटीनं गावोगाव जाणं ही काही हौस नसते. तिसऱ्या कसोटीवर तर मला जास्त बोलायचं आहे. सुषमाताईंनी ही भूमिका स्वतःपाशी धरून ठेवली नाही. पुढं ती तरुण अभिनेत्रींच्या हाती दिली. आपल्याकडं एखादा शाहीर, एखादा वक्ता, एखादा नेता आपला माईक असा दुसऱ्याच्या हाती देतो का, हे ज्यानं त्यानं आठवून पाहावं.

त्याहून महत्त्वाचं काम ‘आयदान’चं. ऊर्मिला पवारांचं हे आत्मकथन २००३ साली आलं. सुषमाताईंनी ते मंचावर आणलं तेव्हा एका बाईचा ‘मी’ तीन अभिनेत्रींना वाटून दिला. ही युक्ती साधी दिसते, साधी नाही. आत्मकथन एकाच तोंडातून आलं की त्याचा हळूहळू पुतळा होतो. तीन तोंडातून आलं की कळतं, हे एकीचं नाही, घराघरातलं आहे. आणि इथं बोलणारी मूळ बाई दलित होती, हयात होती, स्वतः लिहिती होती. तिचा ‘मी’ कुणी उसना घेऊन पळू शकत नव्हतं.

पण या नाट्यप्रकाराचं दुखणंही सांगितलं पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता आरती होईल. एकपात्रीत बाकी सगळी माणसं एकाच तोंडातून येतात. सावित्रीबाई बोलते तेव्हा तिच्या शाळेत बसलेली पोर बोलत नाही, तिच्याविषयी बोललं जातं. आणि ती पोर मुकी नव्हती मित्रांनो! मुक्ता नावाच्या मांगाच्या मुलीनं, फुल्यांच्याच शाळेत शिकून, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आमच्या ‘आम्ही’चा छापील जन्म तिथला आहे, ‘बलुतं’च्या एकशे तेवीस वर्षं आधीचा. सावित्रीनं ‘व्हय’ म्हटलं, छान झालं. मुक्ताचा स्वतःचा एकटीचा प्रयोग कुठं आहे? मास्तरीण मंचावर आली, विद्यार्थिनी अजून विंगेतच उभी आहे.

दुसरं दुखणं आणखी खोल आहे. जात ही एकट्या माणसाची गोष्ट नसते. ती दोन माणसांच्या मधल्या अंतरात असते. एकटा माणूस आपलं दुःख सांगू लागला की समोरचा हळहळतो, डोळे पुसतो आणि घरी जातो. त्याला वाटतं, बिचाऱ्यानं किती सोसलं. आपण काय केलं ते त्याला आठवत नाही.

ही अडचण आपल्याच मातीतल्या एका माणसाला बरोबर कळली होती. प्रेमानंद गज्वी आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले, पिंपळगावचे. त्यांनी १९७७ साली ‘घोटभर पाणी’ लिहिली. पात्रं किती? दोन. तीच दोघं आलटून पालटून सगळं होतात. मांडणी नाही, खर्च नाही, चौकात होते, विहारात होते, कॉलेजात होते. म्हणून तिचे हजारो प्रयोग झाले. गज्वींनी आत्मकथन केलं नाही. एकाऐवजी दोन माणसं उभी केली, कारण पाणी देणारा आणि पाणी नाकारणारा हे दोघं असल्याशिवाय तहान दिसत नाही. पुढं २०१९ ला नागपुरात अखिल भारतीय नाट्यसंमेलन भरलं, तेव्हा ते अध्यक्ष होते.

म्हणून एकपात्री प्रयोगाचं माझं माप हे आहे, की त्यातलं दुसरं पात्र कोण? चांगल्या आत्मकथनात ते दुसरं पात्र प्रेक्षक असतो. त्याला विचारलेलं असतं, सुनावलेलं असतं, साक्षीला ओढलेलं असतं. ‘व्हय’ मध्ये ही सोय शीर्षकातच आहे. विचारणारे तुम्ही आणि उत्तर देणारी ती.

आता आपल्या झाडीकडं येतो. रंगभूमी मेली म्हणून मुंबई-पुण्याचे लोक रडतात तेव्हा मला हसू येतं. धान निघालं, दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया चारही जिल्ह्यांत होळीपर्यंत नाटकं चालतात. शंकरपट भरतो, मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री मंडप भरतो आणि नाटक उजाडेस्तोवर चालतं. तिकीट काढून, चादर पांघरून, लेकरं मांडीवर घेऊन बाया बसतात. गुरनोलीच्या परशुराम खुणेंना २०२३ साली पद्मश्री मिळाली. या रंगभूमीची दिल्लीला दखल घ्यावी लागली.

एवढी मोठी रंगभूमी आपल्या दारात आणि तिच्यात आमचा ‘मी’ किती? संसार, व्यसन, हुंडा, सासू-सून, भावाभावांतले वाद हे सगळं असतं. गाणी असतात, नाच असतो. आमच्या बाया मंडपात असतात, आमची पोरं बाजावर, तबल्यावर, पडद्यावर असतात. पण आमच्यातलं कुणी मधोमध उभं राहून आपल्या बोलीत, आपल्या नावानं आपलं जगणं सांगतंय, हे मला त्या रात्रींत सापडत नाही. बाबासाहेबांच्या चळवळीनं जलसे उभे केले तेव्हा शाहिरांच्या हाती डफापलीकडं फारसं काय होतं? आज मंडप आहे, माईक आहे, लाईट आहे. मग अडलं कुठं?

बोलीत अडलं आहे, असं मला वाटतं. सावित्रीबाई ‘व्हय’ म्हणते. आमच्याकडं ‘व्हय’ नाही, ‘हव’ आहे. आमचं पाणी ‘पानी’ आहे, डोळा ‘डोरा’ आहे. शाळेनं आमचं ‘पानी’ इतक्यांदा दुरुस्त केलं की माईक हाती आला रे आला, आमचा पोरगा पुण्याच्या भाषेत भाषण ठोकतो. भाषण म्हणजे आत्मकथन नव्हे. भाषणात ‘समाज’ बोलतो, माणूस लपून बसतो.

आणि आता वेळ उरलेला नाही. १६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी बापाच्या खांद्यावर बसून जे पोर होतं, ते आज सत्तरीच्या पार गेलं आहे. जे आपल्या पायानं चालत आले ते नव्वदीला टेकलेत किंवा गेलेत. कोण कुठून चालत आलं, घरचे देव कुणी कुठं सोडले, दुसऱ्या दिवशी गावच्या विहिरीवर काय झालं, हे सगळं त्यांच्यापाशी आहे. पुस्तक लिहायला त्यांना जमणार नाही. बोलायला जमतं. दर वर्षी एकेक म्हातारी जाते आणि एकेक न झालेला प्रयोग तिच्यासोबत जातो.

तेव्हा तरुण कार्यकर्त्यांनो, माझं म्हणणं थोडक्यात असं. आपापल्या गावातल्या एका म्हाताऱ्या बाईपाशी बसा. तिनं सांगितलेलं तिच्याच शब्दांत उतरवा, ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका. तिला विचारा, हे लोकांपुढं सांगू का? ती नाही म्हणाली तर तिथंच थांबा. हो म्हणाली तर अर्ध्या तासाचं करा, तिच्याच नातीला उभं करा, आणि पहिला प्रयोग त्या बाईला समोर बसवून विहारात करा. तिला रडवणारी वाक्यं घालू नका, तिनं न सांगितलेली क्रांतीही घालू नका. ती हसली असेल तर हसू द्या. प्रेक्षकाला तिनं काय विचारलं असतं ते शोधा आणि ते विचारा. पुढच्या हंगामात वडशाच्या एखाद्या कंपनीला सांगा, नाटक सुरू व्हायच्या आधी आम्हाला अर्धा तास द्या. नाही दिला तर मंडपाबाहेर करा. गज्वींची दोन पात्रं कुठंही उभी राहू शकली, तर आमची एक का नाही राहणार?

सुषमाताईंनी पुण्याकडच्या बोलीत ‘व्हय’ म्हटलं, आपण ते मानानं ऐकलं. झाडीत कुणीतरी विचारील, कोण व्हय बाई तू? तेव्हा ‘हव’ म्हणून उठणारी बाई आपल्या वस्तीतली असायला पाहिजे. या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर भेटू तेव्हा मी भाषणं विचारणार नाही. कुणापाशी बसून आलात, एवढंच विचारीन.