अनवाणी धावून पायाला खळगा येतो का?

भरतीची तयारी करणारी पोरं आमच्या बेलापूरकडे एक गोष्ट ठामपणे सांगतात. पाय सपाट असेल तर अनवाणी धावायचं, तळव्याचा स्नायू तयार होतो आणि खळगा आपोआप येतो. वर 'हे संशोधनात सिद्ध झालंय' असंही कुणीतरी जोडतं. मेडिकलमध्ये बाद व्हायची भीती असलेल्या पोराला हे पटणारच. पण त्या संशोधनात नेमकं काय आहे?

आधी स्नायू बघू. त्याचं नाव अ‍ॅबडक्टर हॅल्युसिस. टाचेच्या हाडाच्या आतल्या बाजूला सुरू होतो, तळव्याच्या आतल्या कडेने पुढे येतो आणि अंगठ्याच्या मुळाशी जोडला जातो. खुर्चीत बसून घोट्याच्या जरा खाली, पायाच्या आतल्या कडेवर बोटं ठेवा आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून लांब न्यायचा प्रयत्न करा. बोटांखाली जे टणक होतं ते हेच. (अंगठा हललाच नाही तरी घाबरू नका, पुष्कळांना तो एकटा हलवता येत नाही.)

आता ते संशोधन. मणिपालच्या राव आणि जोसेफ यांनी १९९२ साली ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पायांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्यांत सपाट पाय ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के. बंद बुटात प्रमाण सर्वांत जास्त, चप्पल-सँडलमध्ये कमी. (चपलेचं हे कुणीच सांगत नाही!) पुढे १९९५ मध्ये १८४६ प्रौढांवर तसाच अभ्यास झाला. सहा वर्षांच्या आत बूट घालायला लागलेल्यांत सपाट पाय जास्त निघाले, आणि लठ्ठपणा व सांध्यांचा सैलपणा यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही फरक उरला. काम चांगलंच आहे. माझा आक्षेप त्याच्या वापराला आहे.

एक तर ठशावरून पायाचा आकार कळतो, स्नायूची ताकद कळत नाही. या सर्वेक्षणांचा पुरावा ठशांचा आहे. 'अनवाणी, म्हणून स्नायू मजबूत, म्हणून खळगा' यातली मधली कडी सांगणाऱ्यांनी स्वतःच जोडली. दुसरं म्हणजे हे सगळं लहानपणाबद्दल आहे. सहा वर्षांच्या आतल्या सवयीचा निष्कर्ष एकोणीस वर्षांच्या पायाला कसा लावणार?

बरं, स्नायूच खळगा धरून ठेवतो हे तरी खरं का? केली आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये माणसाला बसवून पायावर वजन टाकलं आणि विजेच्या झटक्याने तळव्याचे स्नायू आखडवले, तेव्हा दबलेली कमान वर आली. म्हणजे क्षमता आहे. पण फॅरिस, केली वगैरेंनी २०१९ मध्ये उलटं केलं. भुलीचं इंजेक्शन देऊन हेच स्नायू बंद पाडले आणि लोकांना चालवलं, पळवलं. कमान दबण्यात फारसा फरक पडला नाही! बिघडलं ते पाऊल उचलताना पुढे रेटा देणं. मला हा प्रयोग जास्त वजनदार वाटतो, कारण तो प्रत्यक्ष चालत्या पायावर आहे. चालताना कमानीचा मोठा भार हाडांची रचना, अस्थिबंध आणि तळव्याचा जाड पडदा उचलतात. स्नायू कमावला तर रेटा सुधारेल, धावण्याला तो उपयोगीच आहे. पण त्यामुळे ओल्या पायाचा ठसा बदलेल, असं यातून निघत नाही.

तेव्हा पोरांनो, आधी चवड्यावर उभं राहून बघा. टाच उचलल्यावर खळगा दिसला तर पाय लवचीक आहे. एनडीएच्या वैद्यकीय निकषांतही असा पाय दुखत नसेल आणि चवड्यावर नीट पळता येत असेल तर चालतो. तुमच्या भरतीचे निकष जाहिरातीतून वेगळे तपासा. आणि खळगा चवड्यावरही आला नाही किंवा पाय दुखतो, तर उसाच्या फडाकडेने अनवाणी पळत काचा-काटे टोचून घेण्याआधी हाडांच्या डॉक्टरकडे जा. तीही मेडिकलची तारीख लागायच्या आधी.