अंगण, मांडव आणि रिंगण : महाविद्यालयाच्या आवारातील छोट्या मंचाचा प्रश्न

मराठी नाट्यसमीक्षेत ‘छोटा मंच’ ही संज्ञा केवळ आकारमान सांगणारी नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ने १९७४ पासून जे प्रयोग घडविले, त्यांतून या संज्ञेला एक मूल्यार्थ लाभला. छोटेपणा म्हणजे व्यावसायिक नाट्यगृहाच्या चौकटीला आणि गल्ल्याच्या हिशेबाला दिलेला नकार, असे समीकरण रूढ झाले. बादल सरकार यांच्या ‘अंगनमंच’ या कल्पनेत नट आणि प्रेक्षक एकाच पातळीवर, एकाच उजेडात येतात. पुणे विद्यापीठात १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला केंद्राच्या आवारातील खुला मंचही ‘अंगणमंच’ याच नावाने ओळखला जातो. शिक्षणसंस्थेच्या आवारातील छोटा मंच म्हणजे प्रयोगशीलतेचे हक्काचे ठिकाण, ही धारणा अशा उदाहरणांवर उभी आहे.

ही धारणा जशीच्या तशी स्थलांतरित करता येते काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे. गडचिरोलीहून मुरूमगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धानोरा या तालुक्याच्या गावी महाविद्यालयाच्या आवारात असा मंच कल्पून पाहिला, की तिच्या मर्यादा स्पष्ट होतात. छोट्या मंचाला अर्थ येतो तो ज्याच्या विरोधात तो उभा राहतो त्यामुळे. मुंबई-पुण्यात तो कमानी रंगमंचाच्या विरोधात उभा होता. धानोऱ्याच्या परिसरात तो कोणाच्या विरोधात उभा राहणार?

येथील ‘मोठी’ रंगभूमी बंदिस्त नाट्यगृहात नाहीच. भाताचा हंगाम आटोपल्यावर, दिवाळीपासून होळीपर्यंत, वडसा-देसाईगंज येथील नाट्यमंडळ्या गावोगावच्या मंडळांच्या निमंत्रणावरून रात्रभर प्रयोग करतात. मोकळ्या शेतात मांडव पडतो, भोवती कनाती लागतात, आणि तिकीट काढून आलेला गाव पहाटेपर्यंत जमिनीवर बसून नाटक पाहतो. दंडार आणि खडीगंमत यांची परंपरा या रंगभूमीच्या पाठीशी आहे. झाडीपट्टीचे ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने तिची उशिरा का होईना दखल घेतली. ही रंगभूमी खुली आहे, तात्पुरती आहे, लोकाश्रयावर जगणारी आहे, आणि तरीही पूर्णतः व्यावसायिक आहे. म्हणजे ‘खुला अवकाश’ आणि ‘प्रायोगिकता’ यांची नागर समीक्षेने घातलेली सांगड येथे सुटते. महाविद्यालयाने केवळ उघड्यावर ओटा बांधला, तर त्याने मांडवाची एक दुबळी प्रतिकृती तेवढी निर्माण केली असे होईल.

तेव्हा येथील मंचाचे वेगळेपण स्थापत्यात शोधणे व्यर्थ आहे. ते भाषेत शोधावे लागेल. झाडीपट्टीच्या नाटकात नायक, नायिका, पिता, न्यायाधीश ही गंभीर पात्रे बहुधा प्रमाण मराठीच्या जवळची भाषा बोलतात. झाडीबोली प्रामुख्याने विनोदी पात्राच्या वाट्याला येते. प्रेक्षक आपल्याच बोलीला हसतो, आणि दुःख मात्र दुसऱ्याच्या भाषेत ऐकतो. गोंडीला तर या मराठी मांडवात हशापुरतीही जागा क्वचितच मिळते. महाविद्यालयीन स्नेहसंमेलन हीच श्रेणीव्यवस्था पुढे चालविते. निवेदन, वक्तृत्व आणि एकांकिका यांत विद्यार्थी प्रथम शिकतो ते घरची भाषा लपविण्याचे कसब. व्यावसायिक मंडळीला तिकिटाचा विचार करावा लागतो. महाविद्यालयाला तसा करावा लागत नाही. म्हणून जे धाडस मांडवाला परवडत नाही, ते आवारातील मंचाने करावे. झाडीबोलीतून आणि गोंडीतून शोक, संशय, क्रोध, युक्तिवाद व्यक्त व्हावेत. छोटेपणाचा अर्थ येथे हा आहे : ज्या भाषेला गांभीर्य नाकारले गेले, तिला गंभीरपणे ऐकणारा लहानसा प्रेक्षकवर्ग.

याला एक आक्षेप संभवतो. आदिवासी नृत्य-गीतांना युवक महोत्सवांत आधीच स्थान आहे, मग उपेक्षा कोठे राहिली? उत्तर त्या सादरीकरणाच्या रचनेतच आहे. रेला नृत्याचे रिंगण असते, आणि रिंगणाला दर्शनी बाजू नसते. त्यात पाहणारा आणि नाचणारा ही विभागणी स्थिर राहत नाही. कडेला उभा असलेला केव्हाही साखळीत शिरू शकतो. घोटुलाच्या अंगणात या कलेला श्रोता लागत नाही, सहभागी लागतो. तेच नृत्य स्पर्धेसाठी मंचावर येते तेव्हा ठरावीक मिनिटांत बसविले जाते, पोशाख एकसारखे होतात आणि रिंगण परीक्षकांच्या दिशेने उघडले जाते. नृत्य टिकते, त्यामागचा माणसामाणसांतला संबंध मात्र बदलतो. जे सामूहिक जगणे होते त्याचा ‘लोककला’ या सदरातील नमुना होतो. याच तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलावरील आपला अधिकार स्वतःच्या शब्दांत मांडणाऱ्या या परिसरातील तरुणाने मंचावर केवळ नमुना म्हणून उभे राहावे, ही विसंगती लहान नाही.

२०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या क्षेत्रात, अशा मंचाची कल्पना म्हणूनच नव्याने करावी लागेल. त्याला उंच ओटा आणि पडदा नसला तरी चालेल. प्रेक्षकाला चारही बाजूंनी बसता आले पाहिजे आणि प्रसंगी उठून आत येता आले पाहिजे. छबिलदासने नाटकाला पर्यायी जागा दिली. धानोऱ्यात नाटकाला जागेची वाण कधी नव्हती. वाण आहे ती विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत, हसे न होता, बोलता येईल अशा जागेची. आवारातील मंच ही जागा देऊ शकला नाही, तर तो कितीही प्रशस्त बांधला तरी स्नेहसंमेलनाचा ओटाच राहील.