कीर्ती आणि निर्वाह : नासिकच्या दानलेखांचा पुनर्विचार

नासिकजवळील त्रिरश्मी डोंगरावर, ज्यास लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात, दोन राजघराण्यांचे दानलेख एकमेकांपासून काही पावलांच्या अंतरावर कोरलेले आहेत. दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जामात उषवदात व त्याची पत्नी दक्षमित्रा यांचे लेख आहेत. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णी, त्याची माता गौतमी बलश्री व पुत्र वासिष्ठीपुत्र पुळुमावी यांचे लेख आहेत. राजवंशांचा कालक्रम लावण्यासाठी या लेखांचा उपयोग पुष्कळ झाला. परंतु एखादे कुटुंब आपले धन एखाद्या प्रदेशाच्या स्वाधीन करते तेव्हा त्याचे पुढे काय होते, या प्रश्नाचा साक्षीदार म्हणून त्यांची पारख करणेही तितकेच अगत्याचे आहे.

उषवदाताच्या मोठ्या लेखाचा पूर्वार्ध हा दानांची यादी आहे. तीन लक्ष गाई, सोळा गावे, भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक येथील धर्मशाळा, तापी, दमण, डहाणुका इत्यादी नद्यांवर विनामूल्य नावा, नदीतीरांवर पाणपोया, असा हा विस्तार आहे. या भागाची भाषा संस्कृताकडे झुकलेली असून तीत दात्याची कीर्ती हाच प्रधान हेतू दिसतो. संख्या जसजशा वाढत जातात तसतसा त्यांचा नेमकेपणा कमी होत जातो. लक्ष ब्राह्मणांना वर्षभर भोजन घातल्याचे विधान वाचकाला थक्क करते, परंतु त्या भोजनाची तरतूद कोठून झाली हे ते सांगत नाही.

याच लेण्यातील वर्ष ४२ चा लेख अगदी वेगळ्या जातीचा आहे. येथे तीन सहस्र कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता केवळ व्याज उपभोगावयाचा निधी, गोवर्धन येथील श्रेणींकडे ठेवलेली आहे. दोन सहस्र कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या दराने, आणि एक सहस्र कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या दराने ठेवले आहेत. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे आहेत. हिशेब करून पाहिला तर दोन सहस्रांचे वार्षिक व्याज २४० होते आणि वीस भिक्षूंचे बारा-बाराही २४० च होतात. दुसऱ्या रकमेचे वर्षाचे ९० कार्षापण कुशणमूल्यासाठी आहेत. हा सर्व व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदविल्याचेही लेख सांगतो. पूर्वीच्या लेखात दात्याची थोरवी अलंकाराने सिद्ध करावी लागली होती. येथे ती बेरजेने सिद्ध होते.

या दोन लेखांतील अंतर केवळ शैलीचे नाही. पहिल्यात समाज हा दान स्वीकारणारा समुदाय आहे, तर दुसऱ्यात तो दान चालविणारा भागीदार आहे. राजजामाताने आपले द्रव्य स्वतःच्या कोठारात न ठेवता गावातील कोष्ट्यांच्या हाती सोपविले, आणि त्याच्या संरक्षणासाठी सैन्य नेमण्याऐवजी निगमसभेची नोंद पुरेशी मानली. भिक्षूंच्या भोजनासाठी जे शेत दिले, तेही त्याने अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून चार सहस्र कार्षापणांना विकत घेतलेले होते. सत्ता हाती असताना मोल देऊन घेतलेली भूमीच दान करावी, ही गोष्ट यादीतील तीन लक्ष गाईंपेक्षा दात्याविषयी अधिक सांगून जाते.

तथापि या लेखाचे कौतुक करताना त्यातील उणीव झाकणे योग्य होणार नाही. दात्याचा पिता, श्वशुर व पत्नी यांची नावे शिलेवर आली. परंतु दरवर्षी ३३० कार्षापण ज्यांच्या मागावरून उतरावयाचे होते, त्या कोष्ट्यांपैकी एकाचेही नाव आले नाही. कौटुंबिक दानाचे वाङ्मय कुळाची वंशावळ जपते आणि ज्यांच्या श्रमावर ते दान उभे असते त्यांना समूहवाचक नामात विरघळवते. हा या प्रकाराचा जुना दोष आहे.

सातवाहनांच्या लेखांत या प्रश्नाची दुसरी बाजू उघड होते. वर्ष १८ मध्ये गौतमीपुत्राने अपरककडी येथील, तोवर उषभदाताच्या भोगात असलेले दोनशे निवर्तने शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना दिले. जिंकलेल्याची भूमी जेत्याने दान करावी, यात दातृत्व किती व विजयघोष किती, हे सांगणे कठीण आहे. शेताला सर्व परिहार दिले गेले. राजपुरुषांनी त्यात शिरू नये, मिठासाठी ते खणू नये इत्यादी निर्बंध स्पष्ट लिहिले गेले. आणि तरीही वर्ष २४ मध्ये गौतमीपुत्र व राजमाता यांना गोवर्धनचा अमात्य श्यामक यास नवी आज्ञा द्यावी लागली. ककडी येथील शेत कसले जात नाही आणि गावही वसत नाही, असे तीत सरळ नमूद आहे. म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून शंभर निवर्तने बदली देण्यात आली.

या आज्ञेचे मोल प्रशस्तीच्या मोलाहून अधिक मानावयास हवे. बलश्रीने पुळुमावीच्या १९ व्या वर्षी कोरविलेल्या प्रसिद्ध लेखात गौतमीपुत्राची घोडी तीन समुद्रांचे पाणी प्याल्याचे वर्णन आहे आणि विद्यार्थी ते तोंडपाठ म्हणतात. परंतु त्याच लेण्यात, त्याच कुळाने, आपले दान निष्फळ झाल्याची कबुली कोरून ठेवली आहे, याकडे लक्ष क्वचितच जाते. करमाफी दिल्याने शेत पिकत नाही. ते कसणारा माणूस गावात राहावा लागतो. ही साधी गोष्ट राजघराण्याने सहा वर्षांत ओळखली व लेखात मान्य केली. पुळुमावीच्या २२ व्या वर्षीही सुदसन गावाऐवजी सामलिपद गाव दिल्याचा लेख आहे. अर्थात दान हे एकदा करून मोकळे होण्याचे कृत्य नसून पिढ्यांनी निभावण्याचे दायित्व आहे, असा व्यवहार या कुळात रूढ झालेला दिसतो.

कौटुंबिक दातृत्वाचे मूल्यमापन करताना विद्वानांची दृष्टी बहुधा दात्याच्या हेतूवर खिळते. पुण्य, कीर्ती की राजकारण, असा तो वाद असतो. नासिकचे लेख अधिक उपयुक्त कसोटी पुरवितात. द्रव्य कोणाच्या हाती ठेवले, त्याची नोंद कोणासमोर झाली आणि दान फसले तेव्हा दात्याने काय केले, हे तीन प्रश्न विचारावयाचे. पहिल्या दोन प्रश्नांना उषवदाताचे उत्तर उत्तम आहे, तिसऱ्याला सातवाहनांचे. आजचे कौटुंबिक न्यास आपल्या वार्षिक वृत्तांतात देणग्यांच्या रकमा व दात्यांची छायाचित्रे आवर्जून छापतात. न कसलेल्या शेताची नोंद त्यांपैकी किती वृत्तांतांत सापडेल, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.