धातू निघाला, पाण्यात काय उतरलं?

२०१६ साली आइंडहोवेनच्या संशोधकांनी डेकॅनोइक आम्ल (खोबरेल तेलात असतं ते) आणि लिडोकेन (दात काढताना बधिर करणारं) मिसळलं. दोन्ही घन, एकत्र आले की पाण्यात न मिसळणारा द्रव होतो. धातूंचे आयन तो पाच सेकंदांत ओढतो. काम सुंदरच. खटकतं ते अशा द्रावकांना सर्रास लावलं जाणारं ‘हरित’ हे बिरूद. कारण ही अदलाबदल आहे: कोबाल्ट द्रवात जातो, लिडोकेन पाण्यात उतरतं. कॅनडात सडबरीसारख्या निकेलच्या खाणींच्या सांडपाण्यात रेनबो ट्राउट मासे ९६ तास ठेवून बघतात. निम्म्याहून जास्त मेले तर पाणी नापास, निकेल कितीही कमी असो. ‘हरित’ म्हणायच्या आधी आपणही तेच विचारावं: मासा जगला का?